बरोबरचं एकच चिन्ह

प्रोग्राममधली चूक सापडत नव्हती, म्हणून प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या डीबगरला अट घातली: या फंक्शनमध्ये वय पाच आलं, तरच थांब. पण तो मेला दर वेळी थांबायचा, आणि दर वेळी वय पाचच! शेवटी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मीनलला बोलावलं.

"अगं, बरोबरचं चिन्ह एकदाच दिलंयस," ती हसली. "दोनदा दिलं की तो विचारतो, पाच आहे का? एकदा दिलं की वयात पाच भरूनच टाकतो."

विचारायच्या जागी भरलेलं उत्तर. हे मला ओळखीचं वाटलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "सासरी रमलीस ना गं?"

मी नेहमीसारखी तिथेच थांबले. मग म्हटलं, "हो."

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि भाजी काय केलीस ते विचारू लागली.