नेपाळला जाणारं पाकीट

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत मी पाकिटांवरचा मजकूर तपासतो. शिक्षण शेतकीचं, पण सोळा वर्षांपासून हातात लाल पेन. पाकिटाच्या पाठीमागं बारीक अक्षरात पेरणी कधी करायची, रोपं किती अंतरावर लावायची, हे छापलेलं असतं ना, ते माझ्या सहीशिवाय छापखान्यात जात नाही. ते कुणी वाचत नाही असं कंपनीत सगळे म्हणतात. मला तसं वाटलं असतं तर मी हे काम कधीच सोडलं असतं.

काही वर्षांपूर्वी आमचं मिरचीचं बियाणं नेपाळला जायला लागलं. तिथल्या वितरकानं आपल्याकडची एक बाई महिनाभर आमच्याकडं प्रशिक्षणाला पाठवली. पस्तिशीची, ठेंगणी, डोंगरातल्या गावात वाढलेली, शेतकीचीच पदवी घेतलेली. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी होती म्हणून तिला तिथं बसवलं.

पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, "नेपाळ म्हंजे काय, आपलंच हाय. ना पासपोर्ट, ना व्हिसा. भाऊ-भाऊच हावोत आपण."

मी तिला हिंदीत सांगितलं. ती हसली आणि हिंदीतच म्हणाली, "सर, यातला मोठा भाऊ कोण?"

"आता त्यात काय इचारायचं?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, हे इथं लिहून ठेवतो.

तिची हिंदी माझ्यापेक्षा साफ होती. मी कुठं शिकलात विचारलं, तर म्हणाली, "शिकले नाही. घरात टीव्ही होता." चार-पाच दिवस झाल्यावर एकदा डबा खाताना तिनं स्वतःहून सांगितलं. तिची मुलगी सहा वर्षांची. दिवसभर हिंदी कार्टून बघते. सुट्टीत तिला डोंगरात आजीकडं नेलं, तर पोरगी आजीला हिंदीत म्हणाली की मला भूक लागलीय. आजीला कळेना. पोरीला वाटलं आजी मुद्दाम देत नाही. ती रडायला लागली, आणि आजी आईला विचारत बसली की हिला झालंय तरी काय.

"दोघींच्या मधी मी दुभाषी," ती म्हणाली. "माझी आई आणि माझी मुलगी."

मी भाकरी मोडत राहिलो.

ती मला 'दाइ' म्हणायला लागली. त्यांच्याकडं थोरल्या भावाला दाइ म्हणतात. आपल्याकडं दाई म्हणजे बाळंतपण करणारी, त्यामुळं ऑफिसात हसून हसून लोकांचे डोळे भरले. साहेब तर मला हाकच मारायला लागले, "काय दाई, प्रूफ झालं का?" मी दोनदा समजावून सांगितलं की शब्द एकच दिसतो, पण अर्थ वेगळाय. कुणाला तो फरक नको होता. विनोद पुरे होता.

दुसऱ्या आठवड्यात नेपाळला जाणाऱ्या पाकिटाचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. सगळा मजकूर हिंदीत. मी लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो. तिनं समोरून कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला.

मग म्हणाली, "दाइ, हे आमच्याकडं जाणारं आहे ना?"

"हो."

"मग हे नेपाळीत का नाही?"

मी म्हणालो, "लिपी एकच आहे म्हणून असेल." आणि म्हणता म्हणताच मला माझी लाज वाटली. मराठीचीही लिपी तीच. उद्या कुणी माझ्या गावच्या, आष्टीच्या शेतकऱ्याला हिंदी पाकीट देऊन म्हणालं की लिपी तर एकच आहे, तर मीच पहिला भांडेन.

तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. खेताची चांगली नांगरट करून रोपं लावावीत, असं तिथं हिंदीत होतं. "आमच्याकडं खेत म्हणजे भाताचं, पाणी साठवायचं. घराजवळची कोरडी जमीन, जिथं मका, भाजी, मिरची होते, तिला बारी म्हणतात. तुम्ही सांगताय की मिरची भाताच्या पाण्यात लावा." मग मुदतीची तारीख दाखवली. त्यांचं साल आपल्यापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी पुढं. "गावातल्या बाईला वाटेल, हे बी तिच्या जन्माच्या आधीच संपलंय."

"पण शेतकरी काय पाकीट वाचून मिरची लावतो का?" मी विचारलं. साहेब हेच विचारणार, हे मला माहीत होतं.

"शेतकरी आखातात आहेत, दाइ. गावात बायका आहेत. संकरित बियाणं पहिल्यांदाच लावतात. शाळेत शिकलेलं नेपाळी वाचता येतं. त्या वाचतात."

आम्ही दोघं साहेबांकडं गेलो. साहेब वाईट माणूस नाही. अडीअडचणीला धावतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी हिंदी बोलून राह्यल्या ना? फर्राटेदार बोलून राह्यल्या. मंग तकलीफ काय हाय?"

ती म्हणाली, "मला येते म्हणूनच तकलीफ आहे."

हे मी मराठीतही समजावून सांगितलं, पण साहेबांना ते पोचलं नाही. त्यांनी तिच्यासमोरच काठमांडूला तिच्या मालकाला, म्हणजे त्या वितरकाला, फोन लावला, स्पीकरवर. मालक पलीकडून हिंदीतच म्हणाला की हिंदी चालेल, आमच्याकडं सगळ्यांना कळते, सगळे सिनेमे बघतात, तुम्ही माल वेळेवर पाठवा. वर म्हणाला की तुम्ही आमचे मोठे आहात, तुम्ही कराल ते बराबरच असेल.

साहेबांनी फोन ठेवला आणि हात पसरले. "आता मी काय करू? त्येंचाच माणूस हो म्हणून राह्यला."

ती खुर्चीवरून उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमच्या साहेबांचा राग नाही आला मला, दाइ."

त्या रविवारी मी तिला आष्टीला घेऊन गेलो. आई तिथंच राहते, थोडी जमीन आहे, अजून स्वतः बघते. आईला हिंदी येत नाही, तिला मराठी येत नाही. तरी दोघी बांधाबांधानं तासभर फिरल्या. ती मातीचं ढेकूळ उचलायची, आई त्याचं नाव सांगायची. तिनं मला विचारायला लावलं की तुमच्याकडं कोरड्या जमिनीला काय म्हणतात. आई म्हणाली, "वावर. दुसरं काय म्हणत्येत?"

मग मी आईला पाकिटाची गोष्ट सांगितली. आई बांधावर टेकली. "पाणी तुंबतंय तिथं मिरची लावली का मर लागणारच की. हे समद्याला ठावं हाय."

"पाकिटावर तसं लिहिलंय."

"मंग त्येंच्या बोलीत लिवा की. कागद तर तेवढाच लागंल."

मी ते हिंदीत सांगितलं. ती आईकडं बघून मान हलवत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. आईला वाटलं ऊन लागलं. तिला आत नेऊन ताक दिलं.

परत येताना गाडीवर मला माझंच एक जुनं पाकीट आठवलं. काही वर्षांपूर्वी मी आपल्याच मराठी मजकुरात 'वावर' लिहिलं होतं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून ते खोडून आलं, 'शेतजमीन' करून, बाजूला शेरा: शब्द ग्रामीण वाटतो. मी मुकाट्यानं सही केली होती. तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. उलट वाटलं होतं, बरं झालं, आपली चूक सुधारली.

सोमवारी आम्ही दोघांनी नेपाळी मजकूर तयार केला. ती सांगायची, मी टाइप करायचो. मिरचीला खुर्सानी. बारी. मुदत त्यांच्या सालात. एका पानाचं काम, पण तीन दिवस लागले, कारण ती शब्दाशब्दाला थांबायची. हा शब्द काठमांडूचा झाला, माझ्या आईला कळणार नाही, म्हणायची आणि खोडायची. साहेबांना दिला. त्यांनी ठेवून घेतला. "बघू," म्हणाले. महिना संपला, ती गेली. जाताना साहेबांनी तिला शाल दिली आणि पुन्हा भाऊ-भाऊ म्हणाले.

पाकिटं हिंदीतच छापली. प्रूफवर माझी सही होती. मी म्हणालो होतो की करणार नाही. साहेब म्हणाले, "दाई, तुमी सही न्हाई केली तर गाडी थांबती का?" मी केली.

पावसाळ्यानंतर तिचा फोन आला. आवाज थकलेला. तिच्याच भागातल्या एका बाईनं, नवरा आखातात, घरात सासू आणि दोन मुलं, पाकीट वाचून रोपं खेतात लावली होती. बारीत मका होता, आणि कागदावर खेत लिहिलंय, कंपनीनं विचार करूनच लिहिलं असेल, असं तिला वाटलं. पाणी साचलं. सगळी रोपं माना टाकून मेली. ती बाई तक्रार करायला आली नव्हती. आपलंच काही चुकलं का, एवढंच विचारायला आली होती.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? मी सांगितलं, तुझं चुकलं नाही. ती म्हणाली, मग कुणाचं?"

मी साहेबांना सांगितलं. ते खरंच हळहळले. मग म्हणाले, "पण एकीचंच झालं ना?" आणि पुढच्या मोसमाला नेपाळीत छापायचं कबूल केलं. मला आनंद झाला, चार दिवस टिकला. प्रूफ आलं ते आमचं नव्हतं. आमचा कागद कुठंतरी गहाळ झाला होता, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी हिंदी मजकूर मोबाइलमध्ये घालून त्याचं नेपाळी करून घेतलं होतं. वाक्यं नेपाळीसारखी दिसत होती. खेत जागेवरच होतं.

मी माझ्याकडची प्रत शोधून काढली आणि साहेबांपुढं ठेवली. ते म्हणाले, "आता जल्दी हाय. पुढच्या खेपंला बराबर करू." मी तिला फोन केला की तुमच्या मालकाकडून एकदा लिहून घ्या, मग इथं ऐकतील. ती म्हणाली, तिनं ती नोकरी सोडलीय, गावाकडच्या शाळेत शिकवते.

"मालकानं काढलं का?"

"नाही. मीच. रोज त्यांच्याशी तेच भांडण. आणि घरी गेलं की मुलगी हिंदीत विचारते, मम्मी, तुम गुस्सा क्यों हो? कुठं कुठं भांडू, दाइ?"

या वेळी मी सही केली नाही. साहेबांनी एकदा मागितली, दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली नाही. गाडी थांबली नाही, ते म्हणाले होते तसंच झालं. नेपाळच्या पाकिटांची फाइल आता माझ्याकडं येत नाही. शेजारच्या टेबलावर जाते. तिथल्या पोरीचं अक्षर सुंदर आहे, आणि ती दहा मिनिटांत सही करून मोकळी होते.