बसमध्ये काढलेल्या बांगड्या

सोयराबाई दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत आणि मग दूधवाल्याचा चेहराही वाचत. आनेकलच्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. गॅसचा सिलिंडर आला की त्या तो आधी हलवून बघत. लग्नपत्रिका आली की ती आपल्याला सगळ्यात शेवटी का दिली, यावर दोन दिवस विचार करत. त्यांचे मराठी पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या कानडी मुलुखात आले आणि इथलेच झाले. इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी फसवलं का, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "फसवलं नाही. लक्ष ठेवलं म्हणून."

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शौर्य हा एकुलता एक मुलगा. तो महादेवपुऱ्यातल्या कंपन्यांच्या माणसांची रात्रपाळीत गाडीनं ने-आण करायचा आणि दिवसा झोपायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून अनुषा होसूरच्या ज्योतिबांची मुलगी. सासूला ती कानडी रीतीनं अत्ते म्हणायची. बोम्मनहळ्ळीला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळी सव्वासातची बस, संध्याकाळी सातच्या आत घरी. तिच्यात खोट सापडत नव्हती. सोयराबाईंना हीच गोष्ट खटकत होती.

त्या सोमवारी वरच्या मजल्यावरची भाडेकरू पवित्रा खाली आली. ती कधीमधी त्याच बसनं जायची.

"अक्का, सांगू की नको, कळत नाही."

"सांगू की नको म्हणत जिना उतरलीस, म्हणजे सांगणारच. बस."

पवित्रा बसली. मग म्हणाली, "तुमची सून बसमध्ये बांगड्या काढते."

"घट्ट होत असतील."

"मंगळसूत्रसुद्धा काढते, अक्का. आणि कुंकू पुसते."

सोयराबाई शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"रोज?"

"मी तीनदा बघितलं."

दुपारी शौर्य उठून पाणी प्यायला आला. सोयराबाईंनी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझी बायको बसमध्ये काय करते, माहीत आहे तुला?"

"झोपत असेल," शौर्य म्हणाला आणि पुन्हा झोपायला गेला.

मुलाकडून काही कळणार नव्हतं. कपाळ पुसून, गळा मोकळा करून बाई शहरात जाते, तेव्हा ती कुणासाठी तरी कुमारी होते, एवढं सोयराबाईंना कळत होतं. आणि दुसरी एक भीती होती. ती त्यांनी मनातसुद्धा नीट उच्चारली नाही. नवरा जिवंत असताना बांगड्या उतरवायच्या. रोज. गेल्या महिन्यात शौर्यची गाडी दोनदा घासली होती.

मंगळवारी सोयराबाई बसमध्ये चढल्या. तोंडाला मास्क, डोक्यावरून पदर. बायकांना बस फुकट, आधार कार्ड दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. संशयाला खर्च येत नव्हता. पुढच्या अर्ध्या बसमध्ये बायका बसतात, म्हणून त्या मागे पुरुषांत जाऊन बसल्या. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, पुढं जागा आहे." त्या म्हणाल्या, "मला धक्के आवडतात."

अनुषा चौथ्या ओळीत खिडकीशी होती. घरून निघताना जशी होती तशीच: ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, वेणीत गजरा. शेजारणीनं तिच्याशी काहीतरी बोलून हसून घेतलं. चंदापूर गेलं आणि अनुषानं गजरा काढून शेजारणीला दिला. त्या बाईनं तो लगेच स्वतःच्या केसांत माळून घेतला. यात कुणाला वावगं वाटलं नाही. या बसमध्ये फुलं माळलेली चालत. दोन मुली तर एकमेकींच्या वेण्यांत पिना खोचत होत्या. पावडरही चालायची. कंगवा निघाला की मात्र माना वळायच्या.

मग अनुषानं मांडीवर रुमाल पसरला. तळहाताला तेल लावलं आणि बांगड्या एकेक करून उतरवल्या. आधी डावा हात, मग उजवा. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक बांगडी बोटानं धरून खाली ठेवत होती.

बांगड्या अशा उतरताना सोयराबाईंनी एकदाच पाहिल्या होत्या. स्वतःच्या. तेव्हा चार बायकांनी त्यांना धरलं होतं. ही एकटी करत होती आणि मध्येच खिडकीबाहेर बघत होती.

मंगळसूत्र रुमालात गेलं. शेवटी कापसाचा बोळा तेलात बुडवून तिनं कुंकू पुसलं. दुसऱ्या बोळ्यानं तेल पुसलं. मोबाइलच्या काळ्या काचेत कपाळ निरखलं. सोयराबाईंनी समोरच्या सीटचा दांडा धरला. त्या दिवशी त्या पुढच्याच स्टॉपवर उतरल्या आणि उलट बस पकडून घरी आल्या.

बुधवारी पुन्हा तेच पाहिलं. संध्याकाळी त्या दाराशी उभ्या राहिल्या. अनुषा आली. कुंकू होतं, बांगड्या होत्या, मंगळसूत्र होतं. सगळं जागच्या जागी.

"दमलीस?"

"स्वल्प."

"कुंकू ताजं दिसतंय."

अनुषानं कपाळाला हात लावला. "घामानं पसरलं होतं, अत्ते. नीट केलं."

खोटं इतकं सहज आलं की सोयराबाईंचा निश्चय झाला. त्यांनी होसूरला फोन लावला. "ज्योतिबाअण्णा, रविवारी या. मुलीबद्दल बोलायचं आहे." काय ते सांगितलं नाही. तुमची मुलगी घेऊन जा, हे तोंडावर सांगायचं होतं.

गुरुवारी बसमध्ये भांडण झालं. अनुषा केस मोकळे करून विंचरत होती. तिला ते घट्ट, अगदी कवटीला चिकटवून बांधायचे होते. खिडकी उघडी होती. मागे पुरुषांच्या पहिल्या ओळीतले नरसिंहराव नावाचे गृहस्थ ताडकन उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर हातभर केस चिकटला होता.

"एनम्मा, ही बस आहे की ब्यूटी पार्लर?"

"पार्लरमध्ये लावतात, अण्णा. मी काढतेय," अनुषा म्हणाली.

बायका हसल्या. नरसिंहराव हसले नाहीत. "एवढा लांब केस शर्टावर घेऊन घरी गेलो तर माझी बायको काय समजेल?"

"समजू द्या की. या वयात तेवढंच," एक बाई म्हणाली. बस पुन्हा हसली. अनुषानं मात्र उठून माफी मागितली, केस उचलून घेतला, उरलेली गुंतवळ बोटाला गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि खिडकी लावली. मागे बसलेल्या सोयराबाई मनातून नरसिंहरावांच्याच बाजूनं होत्या. चारचौघांत केसाला हात लावू नये, हे त्यांनी तिला शिकवायला हवं होतं. आता शिकवून काय करायचं? रविवार जवळ आला होता.

पण पुरावा पुरता हवा. शुक्रवारी अनुषा उतरली तशा सोयराबाईही मागून उतरल्या. पन्नास पावलांचं अंतर ठेवून चालल्या. अनुषा एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन रांगेत उभी राहिली. कुणी पुरुष आला नाही. रांगेत सत्तर-ऐंशी बायका होत्या. सगळ्यांची कपाळं मोकळी, मनगटं मोकळी, गळे मोकळे. सोयराबाईंच्या अंगावर काटा आला. इतक्या जणी एकदम.

फाटकात खाकी साडीतली रखवालदारीण होती. ती पांढऱ्या फडक्यानं प्रत्येकीचं कपाळ पुसून बघत होती. एकीच्या कपाळाचं किंचित लाल फडक्याला लागलं. तिला बाजूला काढलं. ती हात जोडू लागली. रखवालदारीण म्हणाली, "आता नळावर जाऊन यायला वेळ नाही. उद्या ये." ती मुलगी रस्त्याच्या कडेला बसून रडली. तोवर अनुषा आत गेली होती.

"कोण पाहिजे, अम्मा?" रखवालदारिणीनं जवळ आलेल्या सोयराबाईंना विचारलं.

"आत काय करतात?"

"डोळ्यांत घालायचे थेंब भरतात. पावडरीचा एक कण पडला तर सगळा माल फेकून द्यावा लागतो."

"या सगळ्यांना नवरे आहेत?"

रखवालदारीण त्यांच्याकडे बघत राहिली. "बहुतेकींना आहेत. काढायची सोय इथं फाटकाबाहेर पण आहे, पण दोन नळ आणि एवढ्या बायका. फाटक साडेआठला बंद होतं. म्हणून शहाण्या मुली घरूनच काढून येतात."

सोयराबाईंनी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. कारखान्याच्या भिंतीला त्यांनी पूर्ण फेरी मारली. मागे दार आहे का, ते बघितलं. नव्हतं. मग तास-दीड तास समोरच्या झाडाखाली थांबल्या. अनुषा बाहेर आली नाही.

परतीच्या बसमध्ये एकच प्रश्न उरला. शहाण्या मुली घरून काढून येतात, तर ही का नाही? उत्तर चंदापूरपर्यंत आलं नाही. मग एकदम आलं. लग्नानंतर कामावर जायच्या पहिल्या दिवशी अनुषा मोकळ्या कपाळानं निघाली होती. सोयराबाईंनी तिला कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "माझा मुलगा जिवंत आहे अजून!" अनुषा कोपऱ्यावरून मागे फिरली होती. आत जाऊन कुंकू लावून आली होती.

त्या घरी पोचल्या तेव्हा चूल थंड होती आणि शौर्य घोरत होता. होसूरला फोन करून येऊ नका म्हणावं, असं त्यांच्या मनात तीनदा आलं. पण बोलावून नको म्हटलं तर ज्योतिबांना नक्की संशय येईल. ज्योतिबांच्या जागी सोयराबाईंना स्वतःला आला असता.

रविवारी ज्योतिबा आले. फळं आणली होती, पण पिशवी हातातून खाली ठेवेनात. अनुषा भिंतीशी उभी. शौर्य जांभया देत बसला होता.

"बोला, विहीणबाई."

सोयराबाईंनी बराच विचार केला होता. "उद्यापासून अनुषा घरातून निघताना कुंकू लावणार नाही. बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवून जाईल. तुमची हरकत आहे का, ते विचारायला बोलावलं."

ज्योतिबांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी जावयाकडे नीट पाहिलं. "शौर्यला काही आजारबिजार आहे का? खरं सांगा."

"मला काय झालंय?" शौर्य म्हणाला.

"की दागिना काढून घेऊन तिला माझ्याकडे पाठवायचं आहे?"

"तसं नाही, अण्णा."

अनुषा हळूच म्हणाली, "मी काढणार नाही. अत्ते माझी परीक्षा बघताहेत."

"परीक्षा नाही गं."

"मग तुम्हाला असं का सुचलं? आजच?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांकडे असंच बघत आलेल्या बाईला ते सहन होईना. खोटं सांगता आलं असतं, पण या घरात खोटं कसं पकडतात ते अनुषा आठ महिन्यांत शिकली होती.

"मी चार दिवस बसमध्ये तुझ्या मागं बसले होते," सोयराबाई म्हणाल्या. "मास्क लावून. शुक्रवारी फाटकापर्यंत आले."

शौर्य पहिल्यांदाच पुरता जागा झाला.

"ती म्हातारी तुम्ही?" अनुषा म्हणाली. "अहो, बसमधल्या सगळ्या मला सांगत होत्या, ती बाई तुझ्या रुमालावर टपून बसते. चोर आहे, जपून राहा. कंडक्टर शनिवारी पोलिसाला सांगणार होता. तुम्ही आला नाहीत म्हणून वाचलात."

शौर्य हसू दाबायला उठून आत गेला. ज्योतिबांनी फळांची पिशवी खाली ठेवली. अनुषा हसली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि त्यात राग होता.

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, अत्ते."

"तू सांगितलं असतंस," सोयराबाई म्हणाल्या. "मी मानलं नसतं."

सोमवारी सकाळी अनुषा देवासमोर बसली. सोयराबाई चहाचं भांडं घासत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. मागे एकेक बांगडी ताटलीत पडल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. अनुषानं ताटली ओट्यावर ठेवली आणि पर्स घेतली.

"येते, अत्ते."

"सरी, बरं. सावकाश जा."

त्या उंबऱ्याशी आल्या. समोरची बाई झाडता झाडता थांबून अनुषाच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती. सोयराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा झाडू लागली. अनुषा कोपऱ्यावर पोचली. तिथं तिनं वळून मागे पाहिलं. दहा पावलांवर पुन्हा पाहिलं.

मागून कुणीही येत नव्हतं. तरी सोयराबाईंना तिचं चुकलं असं वाटलं नाही. तिच्या जागी आपण असतो, तर तीनदा पाहिलं असतं.