लाल गाडी, पिवळी गाडी आणि कंपाउंडरची मिशी

आमच्या न्हाव्याला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही, पण शर्यतीच्या गाड्यांवर बोलायला लागला की भल्याभल्यांची बोलती बंद. दुकानातल्या आरशाच्या एका अंगाला त्यानं लाल गाडीचं चित्र लावलंय, दुसऱ्या अंगाला पिवळीचं. जीव सगळा लालवर. पिवळीची बाजू घेणाऱ्याची दाढी तो मुद्दाम गार पाण्यानं करतो.

दवाखान्यातला कंपाउंडर मात्र पक्का पिवळीवाला. त्या दिवशी तो मेव्हणीच्या लग्नाला निघाला होता. सासुरवाडीत त्याला जो काही मान होता, तो त्या झुपकेदार मिशीमुळंच. दाढी करून मिशी कोरून घ्यायला बसला, आणि तोंडाला फेस असताना गप्प बसावं की नाही?

"सुटताना लाल मारेल उडी," तो म्हणाला, "पण सरळ रस्त्यावर पिवळीपुढं ती म्हशीगत पळते."

न्हाव्याचं टाळकं सरकलं. "म्हैस? थांब, लालचा वेग दावतो तुला!"

त्यानं कानापासून वस्तरा सोडला. गाल मागं पडला, पण गाडी काही थांबेना. डाव्या बाजूची मिशी साफ!

न्हाव्यानं हात जोडले. "चुकलं बाबा. आता उजवीकडचीबी काढावी लागंल."

कंपाउंडर आरशात बघून गरजला, "काढ की! पण तिकडनं पिवळी पळव. आणि मुद्दाम हळू चालवलीस, तर याद राख!"