मधलं भिताड

अमरावतीले आमची दोन घरं होती, म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे. माझ्या मालकानं अन् धाकट्या दिरानं एकाच सुताराकडून बांधून घेतले. दारं दोन, ओसऱ्या दोन, पण मधात भिताड एकच. वरचं मातीचं धाबं पेलणारे सागाचे सरे त्या भिताडातून आरपार, इकडच्या धाब्याखालून तिकडच्या धाब्याखाली गेलेले. जाऊ तिकडं मिरच्या कांडायले लागली की इकडं माझ्या भाकरीवर माती पडे. मी बोंबलायची, "हळू कांड की वं बाई!" ती पलीकडून खदखदून हसे.

दोघींची जाती त्याच भिताडाले लागून होती. सकाळी दळायले बसली की ती जात्याच्या खुंट्यानं दोनदा ठोके, मीबी उलटून दोनदा ठोकायची. मले लेकरूबाळ नाही, मालक सदा बैलबंड्या घेऊन बाजारात. मले तेवढीच सोबत होती.

मंग साता समुद्रापार कुठं लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् इकडं कापसाले सोन्याचा भाव आला. दिरानं अकोल्याले आडत मांडली, बायकोले संगं नेलं, अन् घर एका व्यापाऱ्याले कापूस भरायले दिलं. जाताना जाऊ म्हणे, "भाव उतरला की येतोच आमी, बाई."

व्यापाऱ्यानं पार सऱ्यांपर्यंत कापूस दाबला. भिताड मुकं झालं. सवयीनं ठोकलं, तर उशीवर बुक्की मारावी तसा आवाज. सारं गाव भाव चढावा म्हणून नवस बोलून राह्यलं होतं, अन् मी मेली भाव पडावा म्हणून! मालकाले समजलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. तरी मी रोज ठोकायची. मनाले समजावायची, ती हाये पलीकडं, कापसानं ऐकू येत नाही एवढंच.

एकदाचा भाव पडला. मालक जेवले नाहीत. अन् मी गुपचूप जाऊची ओसरी सारवून ठेवली.

दीर एकटाच आला. कापूस निघाला, तसं त्यानं जाऊचं जातं बंडीत चढवलं.

"भाऊजी, जातं काहून नेऊन राह्यले?"

"तिकडं घर बांधलं ना, वयनी. चारी भिंती आपल्याच, कोनाची कटकट नाही. तिले लय आवडलं."

आवडलं म्हणे! मले रडू नाही, रागच आला. बंडी गेल्यावर मी खुंटा घेतला अन् दोनदा ठोकलं. आवाज रिकाम्या घरात मागच्या दारापर्यंत फिरून आला, अगदी साफ. आता कापसाले दोष द्यायचीबी सोय नव्हती.