होड्यांच्या जागी दिसलेलं विमान

पूर्व किनाऱ्यावरच्या रडार स्टेशनवर माझी पोस्टिंग झाली, तोवर मी समुद्र पाहिलेलाच नव्हता. मी संग्रामपूरकडचा, आमच्याकडे नजर जाईल तिथं सातपुडा. लढाई चालू होती. जपानी विमान कधी येईल याचा नेम नव्हता.

ताडांच्या बनात एरियल, त्याखाली केबिन, शंभर पावलांवर वाळूच्या पोत्यांआड जनरेटर. केबिनमधल्या काचेवर हिरवी रेघ असायची. समोर काही आलं की तिच्यावर टोक उठायचं; ते रेघेवर कुठं उठलं, त्यावरून अंतर कळायचं. डोळे फसतात म्हणून दर अर्ध्या तासाला माणूस बदलायचा. मला मात्र सुट्टीतही चैन नसायची. जेवतानाही कान केबिनकडे.

जनरेटरवर सखाराम होता, जळगाव जामोदचा. मध्यप्रांत-वऱ्हाडातले आम्ही दोघंच. ड्युटी संपली की तो कोळ्यांच्या वस्तीत जाऊन बसायचा.

"काऊन जातं बे तिथं? त्यायची भाषा तरी समजते का तुले?"

"मासे समजते ना."

त्या दिवशी सकाळी नऊला मी सेटवर बसलो. दहा मैलांवर टोक उठलं. रोज त्या वेळी तिथं होड्या असायच्या, म्हणून मी ते सोडून दिलं. सखाराम काही विचारायला दारात आला.

"हे काय हाय?"

"होड्या."

"आज त्यायच्या देवीची जत्रा हाय. एकही होडी पाण्यात नाही."

मी पुन्हा पाहिलं. टोक सहा मैलांवर आलं होतं. स्टेशनच्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"एक विमान. सहा मैल. सरळ स्टेशनकडे."

"आधी का नाही कळवलं?"

सायरन वाजला. ज्यानं त्यानं आपापल्या जागी जायचं, हा हुकूम. सखाराम जनरेटरकडे धावला. बॉम्ब पडला तेव्हा पोती तीस पावलं लांब होती. माझं ते एक मिनिट वाया गेलं नसतं, तर तो पोत्यांआड असता, वाचला असता. बाकी सगळे खंदकात पोचले होते. त्यांना खरचटलंही नाही.

रजेवर आलो तो आधी जळगाव जामोदला गेलो. तुझी चूक सांगू नको, असं स्टेशनवर सगळ्यांनी बजावलं होतं. मी सखारामच्या वडिलांना सगळं सांगितलं.

"काका, चूक माही होती."

त्यांनी विचारलं.

"त्यानं वळखलं म्हणून बाकीचे वाचले?"

"हाव."

"मंग त्याच्या मायले तेवढंच सांग."

मी आत जाऊन तेवढंच सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. ती होती तोवर दर वर्षी जात राहिलो, पण बाकीचं तोंडातून निघालं नाही. आता ती नाही, म्हणून सगळं सांगून राह्यलो.