माझ्या मापाची गाडी

मी चौथी पास, पण कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलाय. म्हणून मुलाच्या हलक्याफुलक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची मीच लावली. रिकामी गाडी मोजली, स्प्रिंगखालच्या रिंगा फिरवल्या. रोज कामावर जाताना तो मला बरखेड्याच्या चहावाल्यापाशी सोडतो. त्या दिवशी मी शेजारी बसलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं.

"बाबा, उद्यापासून तुम्ही रिक्षाने जा."

मग आम्ही गाडी सोनागिरीच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याचं नाव मी विचारलं नाही. कानामागे खडू, आणि बोलताना नजर माणसाकडे नाही, चाकाकडे. माझी मापं ऐकून हसला. "बाऊजी, गाड़ी हलकी है, आप नहीं. बैठो अंदर."

आम्हा दोघांना बसवून तो चारही चाकांपाशी पट्टी धरून रिंगा फिरवत राहिला. मी जरा हललो की टपावर टिचकी मारायचा. निघताना मुलाला म्हणाला, "भैया, अब इनको रोज बैठाना. नाप इन्हीं का है."

परतताना तोच स्पीडब्रेकर अलगद गेला. एक म्हातारा उतरला म्हणून गाडीचं काही बिघडत नाही, हे फिटरला कळतं. मुलाला मात्र मी ते सांगितलं नाही, पट्टा लावून घेतला.