आउटरमधलं पाणी

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात जगदेवराव शिर्के बावीस वर्षं केबली बांधत होते. स्कूटरच्या, पंपाच्या, आणि शहाण्णव साली प्रथमच बोटींच्या. आत तार, बाहेर नळी. नळीला सगळे आउटर म्हणत. आउटर कापला की आत लोखंडाचा कीस राहतो. तो पाण्याने धुवायचा आणि आउटर पत्र्यावर उन्हात टाकायचे. अर्ध्या तासात खडखडीत. ही रीत जगदेवरावांनीच घालून दिलेली.

बोटींच्या केबली ऑगस्टात झाल्या. आठवडाभर ऊन नव्हतं.

"दोन दिवस थांबू या, शेठ."

मालक किरीटभाईंनी दारातल्या ट्रककडे पाहिलं. "चालशे, शिर्केभाई. सुकाई जशे."

जगदेवरावांनी तारा ओवल्या, टोकांना रबरी टोप्या घट्ट बसवल्या. त्यांनाही वाटलं, सुकेल. न सुकलेलं काही त्यांनी बडोद्यात पाहिलंच नव्हतं.

जानेवारीत उत्तरेतल्या एका धरणावरून फोन आला. बोट घाटाच्या पायऱ्यांवर आदळली, एक मजूर गेला. चालक ज्ञानचंद सांगत होता, वेगाचा दांडा मागे आलाच नाही. धरणाचे साहेब म्हणत होते, प्यायला असेल.

"जाऊन या," किरीटभाई म्हणाले. "केबल चोख आहे, एवढं लिहून आणा."

मुलीने, मोहनाने, दोन स्वेटर भरले. "बाबा, ही आपल्या अकोट्याच्या पुलावरची थंडी नव्हे."

"अगं, केबल बघायचीय. डोंगर नाही चढायचा."

ते पोचले तेव्हा तळ्यावर धुकं होतं. ज्ञानचंद बोटीपाशीच बसला होता. त्याच्या हातात फक्त किल्ली होती.

"तुम्हीच ओढून बघा, बाबूजी."

दांडा हलला नाही. जोर लावायचा नाही, तार तुटते, हे जगदेवरावांना पक्कं ठाऊक. त्यांनी चहावाल्याकडून किटलीभर कोमट पाणी आणलं, आउटरला चिंध्या गुंडाळल्या आणि हळूहळू ओतू लागले. हात आपोआप चालत होते. मग खालची टोपी काढली. बर्फाचा बारीक तुकडा तळहातावर पडला आणि वितळला. मागोमाग पाणी आलं. पाण्यात राखाडी कीस होता.

तो कीस त्यांनी ओळखला.

दांडा आता लोण्यासारखा सरकत होता.

दहाला साहेब आले. ऊन पडलं होतं. त्यांनी दांडा पाच वेळा पुढेमागे केला. "उत्तम चालतोय की. केबलमध्ये दोष आहे का?"

जगदेवरावांची मूठ अजून ओली होती. बावीस वर्षं त्यांच्या केबलींना कुणी नावं ठेवली नव्हती.

"आता ठीक आहे, साहेब."

साहेबांनी लिहिलं: केबल ठीक.

"बाबूजी," ज्ञानचंद म्हणाला, "सकाळी तुम्ही पाहिलंत ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. जगदेवराव चिंध्या पिळत राहिले.

अकोट्याला घरी आल्यावर पंधरा दिवस गेले. मग एका रविवारी शेजारच्या सलीलला बोलावलं. तो एम. ए. झालेला, हिंदी चांगली. त्याला सगळं सांगून धरणाच्या साहेबांना पत्र लिहायला लावलं. मध्येच सलीलचं पेन थांबलं.

"काका, हे तिथेच का नाही सांगितलंत?"

"साहेब यायच्या आधीच पाणी ओतलं रे मी."

हे उत्तर नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. सलीलने खाली बघून पत्र पुरं केलं.

एप्रिलमध्ये धरणावरून उत्तराच्या चार ओळी आल्या. चौकशी संपली आहे. चालकावर खटला चालू असून तो कोठडीत आहे. जुनी केबल भंगारात गेली, तपासणे शक्य नाही.

मे महिना. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं. जगदेवराव प्रत्येक आउटर तोंडाला लावून फुंकतात, दुसरं टोक गालाशी धरून हवा कोरडी येते का बघतात. ओठ काळे झालेत.

"काका, बासरी शिकताय काय?" पोरं हसतात.

"शिर्केभाई, आ गरमीमां?" किरीटभाई म्हणतात. "चालशे."

जगदेवराव पुढचा आउटर उचलतात.